एका यंत्राच्या दोन अक्षरजोडण्या

सायकलीच्या सुट्या भागांची इंग्लंडात रूढ असलेली आणि अमेरिकेत रूढ असलेली नावे शेजारी शेजारी मांडून त्यांच्या लेखनातील भेद, आणि शक्य तेथे त्या भेदाचे कारण, नोंदवणारी जी सूची पुढील पृष्ठांत दिली आहे, ती करण्याची निकड मला प्रथम भासली ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात. माझ्या जुन्या सायकलीच्या मागच्या चाकाचा टायर झिजून आतले सूत दिसू लागले होते, आणि अमेरिकेत नोकरीला असलेल्या भाच्याने, सुट्टीत येताना काय आणू असे विचारले तेव्हा, मी त्याला टायरचे माप कळवले होते: सव्वीस गुणिले दीड. त्याने मोठ्या अगत्याने तिकडचा उत्तम टायर आणला. जुन्या टायरच्या बाजूवर २६ × १½ असे उमटवलेले होते, नव्याच्या बाजूवर २६ × १.५०; दीड आणि एक पूर्णांक पाच दशांश ही एकच रक्कम, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते, म्हणून दोहोंत काही अंतर असेल अशी शंका मला आली नाही. दुकानदाराने रिमच्या एका अंगाला टायरची कड बसवली, दोन्ही अंगठ्यांनी रेटत रेटत ती अर्ध्या चाकापर्यंत आणली, आणि तेथून ती पुढे सरकेना. त्याने लोखंडी पट्ट्या लावून पाहिल्या, कडेला साबणाचे पाणी लावून पाहिले. अखेर टायर उतरवून त्याने दोन्ही टायर एकमेकांवर आडवे ठेवले, तेव्हा नव्याची आतली कड जुन्याच्या कडेपेक्षा चहूकडून करंगळीभर आत आलेली स्पष्ट दिसली. “काका, आकडा तोच आहे,” तो म्हणाला, “पण हा टायर ह्या रिंगेचा नाही.”

घरी आल्यावर मी वेष्टन पुन्हा हाती घेतले, आणि मग माझ्या ध्यानात आले की लेखनभेद एक नसून दोन आहेत. मापाच्या आकड्यांत अपूर्णांकाच्या जागी दशांश होता, आणि जिनसाच्या नावात, मला शाळेत शिकवलेल्या वायच्या जागी, आय होता. त्या आयने कोणाचे काही बिघडवले नव्हते, त्या दशांशाने मात्र चाक अडवले होते; आणि तरीही, पुढे जसजसा मी या विषयाच्या खोलात गेलो तसतसे मला दिसू लागले की दोहोंचे मूळ एकाच ठिकाणी आहे. एकच यंत्र दोन मुलखांत, दोन तऱ्हेच्या कारखानदारांच्या हाताखाली, दोन तऱ्हेच्या कोशकारांच्या छत्राखाली वाढले, आणि त्याच्या प्रत्येक भागाच्या नावावर त्या वाढीची खूण राहिली. पुढील सूचीकडे वाचकाने शुद्ध-अशुद्धाचा निवाडा म्हणून पाहू नये; ती एका वंशवृक्षाची नोंद आहे, अशा दृष्टीने ती वाचली जावी, ही माझी विनंती.

दोन्ही देशांत सायकलीचा जन्म शिवणयंत्रांच्या कारखान्यांत झाला, ही गोष्ट या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे शिवणयंत्रे करणाऱ्या एका कंपनीने १८६८-६९ च्या सुमारास फ्रान्समधील मागणीवरून पायगाड्या करावयास घेतल्या. त्याच कंपनीतील जेम्स स्टार्ली या कुशल कारागिराने १८७४ साली चाकाचे आरे तुंब्याला तिरपे, स्पर्शरेषेच्या दिशेने जोडण्याची ती रीत शोधली जी आजही आपल्या सायकलींत आहे, आणि त्याच्या पुतण्याने, जॉन केम्प स्टार्लीने, १८८५ साली रोव्हर नावाची ती सायकल बाजारात आणली जिच्यात दोन्ही चाके जवळजवळ सारख्या आकाराची असून मागचे चाक साखळीने फिरते, अर्थात आजच्या सायकलीची आद्य प्रतिमा. तिकडे अमेरिकेत आल्बर्ट पोप या गृहस्थाने १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात इंग्रजी सायकली पाहिल्या, प्रथम त्या आयात करून विकल्या, आणि १८७८ पासून हार्टफर्ड येथील एका शिवणयंत्राच्या कारखान्यातच स्वतःच्या नावमुद्रेच्या सायकली करवून घेऊ लागला. अमेरिकेने हा जिन्नस इंग्लंडकडून घेतला, म्हणजे नावेही बव्हंशी तिकडूनच घेतली. मग लेखन का पालटले? या प्रश्नाचे जे उत्तर मला सहज सुचले होते, की अमेरिकनांनी इंग्रजी भाषा बिघडवली, ते टायर या पहिल्याच शब्दापाशी खोटे ठरले.

टायर हा शब्द मुळात सायकलीचा नव्हेच. ज्या इंग्रजी शब्दाचा अर्थ पोशाख, वेषभूषा असा आहे, त्याचेच हे संक्षिप्त रूप आहे असे कोशकार मानतात. चाकाचा पोशाख तो टायर. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावर लोखंडाची जी धाव चढवतात, तेच या शब्दाचे मूळचे वाच्य. ज्यांनी धाव चढवताना पाहिली असेल त्यांना हा पोशाख किती घट्ट बसवावा लागतो हे सांगावयास नको: लोखंडाचे कडे गोवऱ्यांच्या आहारात लाल होईपर्यंत तापवायचे, ते प्रसरण पावले की तिघाचौघांनी चिमट्यांनी उचलून आडव्या ठेवलेल्या लाकडी चाकाभोवती बसवायचे, आणि लाकूड पेटण्यापूर्वी घागरींनी पाणी ओतून ते असे आवळून घ्यायचे की पुठ्ठे आणि आरे एकमेकांत करकचून जावेत. इंग्लंडातही हीच विद्या होती. पंधराव्या-सोळाव्या शतकांत तेथे हा शब्द वायने आणि आयने, दोन्ही तऱ्हांनी लिहीत. पुढे आय स्थिरावला, आणि अटलांटिकपार गेलेल्या वसाहतकारांनी सोबत नेला तो हाच आय. एकोणिसाव्या शतकात मात्र इंग्लंडच मागे वळले. बेलफास्ट येथे राहणारा स्कॉटिश पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेल्या रबरी नळीचे आवरण तयार केले आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले (रॉबर्ट विल्यम टॉमसन याने तीच कल्पना १८४५ सालीच नोंदवून ठेवली होती, आणि ती उजेडात आल्यावर डनलॉपचे पेटंट रद्द झाले, परंतु तोवर धंदा उभा राहिला होता). त्या हवेच्या टायरच्या प्रसाराबरोबर इंग्लंडात जुना वाय पुन्हा वर आला. तो सर्वांना मान्य होता असेही नाही. लंडनचे टाइम्स हे वृत्तपत्र १९०५ पर्यंत आयनेच लिहीत होते. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या १९११ च्या आवृत्तीने वायला उत्तम इंग्रज जाणकारांची मान्यता नाही असा शेरा मारला. आणि इंग्रजी प्रयोगांचा करडा परीक्षक हेन्री फाउलर याने १९२६ साली तर वाय व्युत्पत्तीच्या दृष्टीने चुकीचा आणि अमेरिकनांपासून विनाकारण फारकत घेणारा ठरवला. पंडितांचा हुकूम बाजाराने मानला नाही. वाय इंग्लंडात कायम झाला, आणि इंग्लंडमार्फत आपल्या शाळांत आला. म्हणजे माझ्या भाच्याने आणलेल्या वेष्टनावरचा आय हा जुन्या इंग्लंडचा वारसा, आणि आम्ही ज्याला प्रमाण मानत आलो तो वाय ही नव्या इंग्लंडची दुरुस्ती. जे घर सोडून दूर गेले त्यांनी घरातला जुना ठेवा जपला, आणि जे घरी राहिले त्यांनी तो बदलला, हा प्रकार भाषांच्या इतिहासात वारंवार आढळतो. तो एका रबरी कड्यावर आढळेल अशी मात्र माझी कल्पना नव्हती.

सर्वच भेद असे आपोआप झालेले नाहीत. काही हेतुपुरस्सर केलेले आहेत, आणि त्यांचे श्रेय वा अपश्रेय बहुतांशी नोआ वेब्स्टर या एका माणसाकडे जाते. स्वातंत्र्ययुद्ध संपत आले असताना, १७८३ साली, त्याने मुलांसाठी अक्षरजोडणीचे पुस्तक काढले, १८०६ साली लहान कोश आणि १८२८ साली सुमारे सत्तर हजार शब्दांचा मोठा कोश प्रसिद्ध केला, आणि नव्या राष्ट्राचे लेखन सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशाच्या मिंधेपणातून सोडवण्याचा उद्योग आयुष्यभर केला. सेंटर-पुल ब्रेकमधील सेंटर आणि कार्बन फायबरमधील फायबर यांच्या अंती इंग्रज आर-ई लिहितात आणि अमेरिकन ई-आर, पेडलिंगमध्ये इंग्रज दोन एल घालतात आणि अमेरिकन एकावर भागवतात, ही सगळी वेब्स्टरच्या पेढीवरची खाती आहेत. त्याला याहून पुष्कळ अधिक फेरफार करावयाचे होते; जीभ आणि स्त्रिया या अर्थांचे नित्याचे शब्दसुद्धा त्याने उच्चाराबरहुकूम लिहून पाहिले, पण ते लोकांनी घेतले नाहीत. त्याचे जे चालले तेच तेवढे आज अमेरिकन म्हणून ओळखले जाते.

वेब्स्टरविषयी मी त्वरेने लिहिले, कारण तो सर्वश्रुत आहे. व्हाइसविषयी थोडे सावकाश लिहावेसे वाटते. कामाच्या मेजाला पक्के बसवलेले, दांडी फिरवून दोन जबड्यांत वस्तू आवळून धरणारे हे हत्यार प्रत्येक सायकलवाल्याकडे असते. हबचा आस धरायला, वाकलेली कॉटर पिन सरळ करायला त्यावाचून चालत नाही. इंग्रज या शब्दाच्या शेवटी सी-ई लिहितात, त्यामुळे तो दुर्गुण या अर्थाच्या दुसऱ्या एका शब्दाशी अक्षरशः एकरूप होतो. अमेरिकन एस-ई लिहून दोहोंची फारकत करतात. इथेही मला अमेरिकनांचा पक्ष अधिक बळकट वाटतो, कारण हा शब्द जुन्या फ्रेंचमधील स्क्रू या अर्थाच्या शब्दापासून आला असून त्या फ्रेंच शब्दात एसच होता. त्याच्याही मागे गेले तर लॅटिनमध्ये तो द्राक्षवेलीचा वाचक निघतो. वेलीचा तंतू आधाराला वेढे घालीत चढतो, तसेच आटे खिळ्याला वेढे घालीत चढतात. हे साम्य ज्या कोणा कारागिराने प्रथम पाहिले त्याची दृष्टी कवीची होती. फारसीतून आलेल्या आपल्या पेच या शब्दात, मग तो पागोट्याचा असो वा कुस्तीतला, हेच वळण आहे.

ॲल्युमिनिअमची हकीकत आणखी निराळी, कारण तेथे भेद केवळ डोळ्यांचा नसून कानाचाही आहे. हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०८ साली या धातूला एक नाव सुचवले आणि १८१२ साली स्वतःच ते पालटून जे रूप दिले ते आजचे अमेरिकन रूप होय, ज्यात शेवटी एक स्वर कमी आहे. सोडिअम, पोटॅशिअम यांच्या पंक्तीत बसावे म्हणून तो स्वर वाढवण्याची सूचना लगोलग दुसऱ्या इंग्रजांनी केली आणि इंग्लंडने ती उचलली. अमेरिकेत दोन्ही रूपे दीर्घकाळ नांदली, आणि तेथील रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेने १९२५ साली आखूड रूप अधिकृत केले. आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९० साली लांब रूपाला प्रमाण मानले. सायकलीच्या रिमा आणि क्रँक या धातूच्या होऊ लागल्यापासून दोन्ही देशांच्या मालयाद्यांत हा भेद पानोपानी दिसतो. मराठी घरांत याच धातूच्या पातेल्यांना जर्मनची भांडी म्हणतात, आणि तेही नाव मी सूचीत घेतले आहे. नाव कोणत्या वाटेने घरात आले हे सांगणारा दाखला म्हणून त्याची योग्यता डेव्हीच्या नावाहून कमी नाही.

साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या यंत्रणेचे नाव, डिरेल्यर, हे फ्रेंच असून त्याचा धातू रुळावरून घसरणे या अर्थाचा आहे. इंग्रज आणि अमेरिकन दोघेही ते फ्रेंच अक्षरांतच लिहीत आले. २००८ साली निवर्तलेला शेल्डन ब्राउन हा मॅसॅच्युसेट्समधील सायकल-कारागीर, ज्याच्या लेखनावर जगभरच्या दुरुस्ती करणाऱ्यांची एक पिढी शिकली, त्याने हा शब्द सरळ इंग्रजी रीतीने लिहावा असा आग्रह धरला आणि स्वतः तसाच लिहिला. तो आग्रह फारसा फळला नाही. टूर द फ्रान्स शर्यतीत या यंत्रणेला १९३७ पर्यंत मज्जाव होता; यंत्राला प्रवेश मिळाला, पण नावाला नवा पोशाख मिळाला नाही.

आता आपल्याकडे वळतो. देवनागरीत टायर एकच, व्हाइस एकच, सेंटर एकच. जो भेद केवळ डोळ्यांपुरता आहे तो आपली लिपी पुसून टाकते, आणि म्हणून मराठी कारागिराला त्याची बाधा कधी झाली नाही. परंतु जेथे शब्दच निराळे आहेत तेथे आपला मार्ग स्पष्ट दिसतो. आपण मडगार्ड म्हणतो, अमेरिकनांसारखे फेंडर म्हणत नाही. आपले चाक पंक्चर होते, अमेरिकनाचे फ्लॅट. याचे कारण उघड आहे: आपल्या सायकली बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम आणि कॉव्हेंट्रीहून आल्या, आणि स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने निघाले त्यांतही मद्रासच्या १९४९ सालच्या कारखान्यासारखे इंग्रज कंपन्यांच्या भागीदारीतले होते, त्यामुळे नावांचा साचा तोच राहिला. अलीकडे गिअरच्या सायकलींबरोबर सीटपोस्टसारखे अमेरिकन शब्द दुकानांत येत आहेत.

या घेतलेल्या शब्दांवर आपल्या कारागिरांनी जे स्वतःचे संस्कार केले आहेत, त्यांना मी सूचीत मानाने जागा दिली आहे. चाक डुगडुगू लागले की ते आऊट झाले, आणि तारा कमीजास्त आवळून ते सरळ करणे म्हणजे आऊट काढणे, गोळ्यांना छर्रे, व्हॉल्व्हच्या रबरी नळीला वॉलट्यूब, डाव्या पायडलच्या आट्यांना उलटे आटे. ओव्हरहॉलिंग या इंग्रजी शब्दाचे सर्वत्र ओव्हरऑइलिंग झाले आहे, आणि ज्याने हे काम होताना पाहिले आहे त्याला हे रूप चुकीचे म्हणण्याचा धीर होणार नाही: सायकल उलटी करून प्रत्येक कप उघडायचा, छर्रे रॉकेलच्या वाटीत धुवायचे, जुने काळे ग्रीस चिंधीने काढून नवे भरायचे, साखळी उतरवून भिजत टाकायची, आणि शेवटी प्रत्येक सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा. त्या दिवसभराच्या कामाचे सार ज्या शब्दात आले तो शब्द खरा.

राहिला प्रश्न आकड्यांचा, आणि तोच मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे, कारण येथे लेखनभेदाने माणसाचे पैसे आणि दिवस वाया जातात. टायरचे माप मुळात बाहेरून बाहेर मोजत. सव्वीस म्हणजे हवा भरल्यावर चाकाचा बाहेरचा व्यास सव्वीस इंच. मग टायर जाड असेल तर रिम लहान हवी आणि बारीक असेल तर मोठी, म्हणजे एकाच सव्वीस इंची नावाखाली निरनिराळ्या रिमा आल्या. इंग्रजी वळणाने अपूर्णांकात लिहिलेले २६ × १⅜ हे टायर ५९० मिलिमीटर व्यासाच्या रिमेवर बसतात, २६ × १½ हे ५८४ च्या, आणि आपल्याकडे खेडोपाडी दूध आणि धान्य वाहणाऱ्या उंच सायकलींचे २८ × १½ हे ६३५ च्या. अमेरिकेत शिकागोच्या श्विन कंपनीने १९३३ साली मोटारीसारखा गुबगुबीत टायर काढला, त्याची रुंदी दशांशात, २.१२५ अशी लिहिली, आणि त्याची रिम ५५९ मिलिमीटरची होती. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यातील तरुणांनी त्याच जुन्या जाड चाकांच्या सायकली डोंगरउतारांवर घातल्या आणि त्यातून माउंटन बाइक निघाली, तेव्हा ही ५५९ ची रिम जगभर पसरली आणि तिच्याबरोबर दशांशाची लेखनपद्धतीही. म्हणून अपूर्णांक हा इंग्रजी घराण्याचा आणि दशांश हा अमेरिकन घराण्याचा, असे स्थूलमानाने धरावे. गणितात १½ आणि १.५० समान आहेत. सायकलीत त्यांच्यामध्ये व्यासाचे पंचवीस मिलिमीटर, म्हणजे परिघाचे सुमारे अठ्ठ्याहत्तर, चांगले तीन इंच अंतर आहे. टायरच्या कडेत पोलादी तार असते, आणि ती तार अंगठ्याने, पट्टीने किंवा साबणाच्या पाण्याने तीन इंच ताणली जात नाही.

या घोळावर आंतरराष्ट्रीय मानकाने जो उपाय काढला तो असा की टायरच्या बाजूवर रुंदी आणि रिमेचा व्यास मिलिमीटरमध्ये, मध्ये आडवी रेघ देऊन, उमटवावा: माझ्या जुन्या टायरवर हे ४०-५८४ असे, बारीक अक्षरांत, आधीपासूनच होते. ते मी कधी वाचले नव्हते. सूचीच्या अखेरीस या मापांचा तक्ता दिला आहे, आणि तेथे क्रम घराण्यांचा न ठेवता या दुसऱ्या आकड्याचा ठेवला आहे, जेणेकरून दुकानात उभ्या असलेल्या माणसाला तो चटकन सापडावा. नावांच्या भागात प्रथम मराठी दुकानातला शब्द, मग इंग्रजी आणि अमेरिकन रूपे उच्चारासह, आणि जेथे मला खातरजमा करता आली तेथे व्युत्पत्ती, असा क्रम आहे. जेथे खातरजमा झाली नाही तेथे रकाना मोकळा सोडला आहे.

भाच्याचा तो टायर वाया गेला नाही. दुकानात दुरुस्तीस आलेल्या एका माउंटन बाइकला तो बसला, आणि माझ्या चाकाला लुधियानाच्या बाजूचा टायर मिळाला. त्या दुकानाच्या लाकडी फळीवर आता खडूने ५५९, ५८४, ५९० आणि ६३५ हे चार आकडे एकाखाली एक लिहिलेले असतात, आणि कोणी टायर मागायला आला की दुकानदार त्याचा जुना टायर हाती घेतो, ओल्या फडक्याने त्याची बाजू पुसतो, आणि चिखलाखालून तो आकडा वर येईपर्यंत किंमत सांगत नाही.